कार्यालयाच्या छतातली अरुंधती

डिसेंबर २०२२चा पहिला आठवडा. साताऱ्याच्या एका कार्यालयात भाचीचं लग्न होतं. सप्तपदी झाली आणि गुरुजींनी वरवधूंना उत्तरेकडे तोंड करायला लावून बोट वर केलं. "हा ध्रुव. ती वसिष्ठांच्या शेजारी अरुंधती. पाहिली म्हणा." दोघांनी माना वर केल्या आणि "पाहिली" म्हणाले. दुपारचा दीड वाजला होता. वर पीओपीचं पांढरं छत होतं, त्यात गोल दिवे बसवलेले. मी शालू सावरायला भाचीच्या मागेच उभी होते, त्यामुळे माझीही मान वर गेली.

गुरुजींबद्दल माझी तक्रार नाही. मुहूर्त दुपारचा, विधी दुपारीच होणार. पण माझ्या लग्नातही मी असंच छताकडे बघून "पाहिली" म्हटलं होतं आणि त्यानंतरच्या अठरा वर्षांत एकदाही खरी अरुंधती बघायला बाहेर पडले नव्हते. ध्रुव, अरुंधती, मृग, रोहिणी, स्वाती ही नावं लहानपणापासून तोंडात आहेत. त्यातलं आकाशात एकही मला दाखवता आलं नसतं. ते त्या दिवशी फार लागलं.

पुण्याला परतल्यावर रात्री आठ वाजता सोसायटीच्या गच्चीवर गेले. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. चौथीच्या पुस्तकात शिकलेलं एवढंच आठवत होतं, की सप्तर्षींचे पुढचे दोन तारे जोडून रेघ वाढवली की ध्रुव सापडतो. उत्तरेकडे तोंड करून अर्धा तास उभी राहिले. पतंगासारखा चौकोन आणि त्याची शेपटी कुठेच नव्हती. होते ते इंग्रजी एम अक्षरासारखे मांडलेले पाच तारे. ती शर्मिष्ठा, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

मला वाटलं, डोळ्यांनी दिसत नाही म्हणजे दुर्बीण हवी. घाईघाईने ऑनलाइन मागवली. खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट' लिहिलेलं आणि शनीचं रंगीत चित्र. आज कुणीही मला विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगते: खोक्यावरचा 'पट' बघून दुर्बीण घेऊ नका. त्या आकड्याचं गणित साधं आहे. नळीचं नाभीय अंतर, म्हणजे पुढच्या भिंगापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिमी; नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ४ मिमीची. ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की झाले ५२५. पण पुढचं भिंग फक्त ६० मिमीचं. चांगल्या दुर्बिणीतही भिंगाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट एवढीच वाढ उपयोगाची असते. म्हणजे १२०च्या पुढे जे मिळतं तो मोठा केलेला धूसरपणा. तिपाई इतकी हलकी होती, की नळीला बोट लागलं तरी चंद्र बाहेर उडी मारायचा. आणि ज्याला आकाशात काय कुठे आहे हेच माहीत नाही, त्याने अर्ध्या-एक अंशाच्या खिडकीतून आकाश धुंडाळायचं म्हणजे कुलपाच्या भोकातून गाव शोधण्यासारखं. दोन आठवडे मी दर रात्री हिरमुसून खाली आले. या पायरीवर किती तरी जण हा नाद सोडतात, हे पुढे अनेकांच्या तोंडून ऐकलं.

मला धरून ठेवलं आण्णांच्या एका फोनने. आण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू आणि एका विहिरीवर भिजणारी जमीन आहे. बोलता बोलता मी म्हटलं, "आण्णा, सप्तर्षी दिसतच नाहीत हो पुण्यातनं."

"आत्ता कुठनं दिसायचं?" ते म्हणाले. "थंडीचं बाजलं खाली असतंय. पहाटं चारनंतर बघ. तीन चोरांसकट वर आलेलं असतंय."

आमच्याकडे सप्तर्षींना बाजलं म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. आण्णांना हे पुस्तकातून आलेलं नाही. शेतीच्या पंपाला थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायला, रात्रभर बांधावर थांबावं लागतं. हातात घड्याळ नसायचं त्या काळात तिकांडं, म्हणजे मृगातले एका रेषेतले तीन तारे, डोक्यावर आलं की मध्यरात्र, बाजलं वर आलं की आता उजाडणार, असा त्यांचा हिशेब. घरात आकाश जाणणारा माणूस होता आणि मी त्याला चाळिशीपर्यंत विचारलं नव्हतं.

२३ डिसेंबरला अमावस्या होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावला, शाल गुंडाळून गच्चीवर गेले आणि मान वर करताच सप्तर्षी समोर होते. शोधावेच लागले नाहीत. मी मनात हाताएवढे काहीतरी धरून होते. प्रत्यक्षात ईशान्येचा मोठा भाग त्यांनी अडवला होता. क्रतू आणि पुलह या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ खाली नेली आणि ध्रुव सापडला. ध्रुव सर्वांत तेजस्वी तारा असेल असं मला वाटायचं. तो तसा नाही. मध्यम तेजाचा, एकटा, शांत. त्याची थोरवी जागा न सोडण्यात आहे.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्याकडे पाच मिनिटं एकटक पाहिलं. शेजारी कुणी दिसेना. अरुंधती वसिष्ठाच्या अंगाला नाही. दोघांत चंद्राच्या रुंदीच्या जवळपास दोन पंचमांश इतकं अंतर आहे, म्हणजे साध्या डोळ्याला भरपूर. पण ती चौथ्या प्रतीची, म्हणजे मंद आहे, आणि आमच्या गच्चीच्या उत्तरेला एका इमारतीवर रात्रभर फ्लडलाइट जळतात. पुण्याच्या उजेडाने तिला पुसून टाकलं होतं.

डिसेंबरात पहाटे दिसणारं तेच चित्र एप्रिलमध्ये रात्री नऊला का दिसतं, हे आता मला समजून घ्यायचं होतं. उत्तर एका वाक्याचं आहे: प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, वर्षाला चोवीस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून. हे वाक्य शाळेत पाठ केलं असेलही, पण वहीत वेळा लिहायला लागल्यावर ते खरं झालं. ती दोनशे पानी वही आजही चालू आहे. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुठल्या दिशेला, आणि पेन्सिलने ठिपके.

त्या ठिपक्यांनी मला एक गोष्ट दाखवली, तिच्याइतका आनंद नंतर मोठ्या दुर्बिणीनेही क्वचित दिला. मृगाचं तिकांडं कुणालाही सापडतं. ती रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. मी रेघ वर नेली आणि तिथे लालसर, झगझगीत तारा होता. वहीत लिहिलं, 'रोहिणी, फारच तेजस्वी.' चार दिवसांनी पुन्हा काढला तेव्हा तो किंचित सरकलेला वाटला. काढण्यात चुकले असेन म्हणून खोडला. आणखी चार दिवसांनी पुन्हा सरकलेला. तेव्हा लक्षात आलं, की त्याच्या खाली आणखी एक तांबूस तारा आहे, व्ही अक्षराच्या टोकाशी बसलेला, आणि तो जागचा हलत नाही. तो खरा रोहिणी. वरचा मंगळ होता. ८ डिसेंबर २०२२ला मंगळाची प्रतियुती होती, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर दुसऱ्या बाजूला मंगळ, म्हणून तो इतका तेजाळला होता, आणि नेमका वृषभेत होता.

आणि तो उलटा चालला होता. एरवी ग्रह ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतात. हा रोज थोडा थोडा पश्चिमेला, कृत्तिकांकडे जात होता. १२ जानेवारीच्या सुमारास थबकला आणि मग परत फिरला. वहीतल्या ठिपक्यांचा गळासारखा एक लांबट आकार तयार झाला. मी तो बघत बसले, आणि 'मंगळ वक्री', 'मंगळ मार्गी' हे शब्द डोक्यात आले. राशिभविष्यात हजारदा वाचलेले. वक्री म्हणजे काहीतरी वाईट एवढाच अर्थ माझ्यापर्यंत पोचला होता. आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने जाताना मंगळाला मागे टाकते, तेव्हा तो मागे सरकल्यासारखा दिसतो. एसटीने बैलगाडी ओलांडताना गाडी मागे जाते असं वाटतं, तसं. वक्री होण्यात कुणाचं वाईट करण्याचा संबंधच नाही. कधी काळी कुणीतरी माझ्यासारखाच रात्रीमागून रात्री ठिपका धरून बसला असेल, म्हणून हा शब्द आपल्या भाषेत आहे.

त्यानंतर मी ती दुर्बीण माळ्यावर ठेवली आणि १० बाय ५०ची द्विनेत्री घेतली. १० पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिमीची. सुरुवात करणाऱ्याने काही विकत घ्यायचंच असेल तर हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, चित्र सुलटं दिसतं आणि एका नजरेत सहा-सात अंश आकाश मावतं. हात थरथरतात, त्यावर उपाय म्हणजे सतरंजीवर पाठ टेकून पडायचं किंवा कोपर कठड्यावर टेकवायचे. साध्या डोळ्याने सहा मोजलेल्या कृत्तिका त्यातून पाहिल्या तेव्हा तिथे कितीतरी तारे होते, निळसर, हिऱ्यांच्या कुड्या सांडल्यासारखे.

याच सुमारास ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा पत्ता लागला. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ही हौशी खगोलप्रेमींची संस्था, टिळक स्मारक मंदिरात तिचं ठिकाण. मुंबईकरांना खगोल मंडळ माहीत असतं, शीवच्या साधना विद्यालयातलं, वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी प्रसिद्ध असलेलं. अशा संस्थांतून पुस्तकापेक्षा जास्त मिळतं ते शेजारी उभं राहून बोट दाखवणारं माणूस. तिथे ओळख झालेल्या चार-पाच जणांबरोबर मी पौष अमावस्येच्या शनिवारी, २१ जानेवारी २०२३ला, वेल्ह्याच्या पुढे तोरण्याच्या पायथ्याशी गेले. रात्री बाहेर राहायचं, तेही शेतात, याची घरी जरा कुरकुर झाली. नवरा आणि आठवीतला मुलगा बरोबर आले आणि ती मिटली. बायकांनी एकटीने अनोळखी अंधारात जावं असं मी म्हणणार नाही. गट धरावा, जागेच्या मालकाला आधी सांगावं, पायात बूट असावेत.

गाडीचे दिवे बंद झाले आणि पहिल्या मिनिटाला मला फारसं काही विशेष दिसलं नाही. गटातल्या काकांनी सांगितलं, "वीस मिनिटं थांबा. मोबाइल काढलात तर पुन्हा पहिल्यापासून वीस." डोळ्यांची बाहुली मोठी व्हायला काही क्षण पुरतात, पण पडद्यातलं अंधारात बघायला मदत करणारं द्रव्य साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते उडून जातं. लाल उजेड त्याला फारसा धक्का लावत नाही. म्हणून सगळ्यांच्या बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधलेला होता. आम्ही गप्प बसलो. पंधराएक मिनिटांनी मुलगा हळूच म्हणाला, "आई, हे तारे आत्ता आले का?" आकाश खरोखर भरत चाललं होतं.

त्या काकांनी आम्हाला हाताने मोजायला शिकवलं. हात सरळ लांब करून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे दहा अंश. करंगळीचं टोक एक अंश. अंगठा आणि करंगळी ताणून केलेली वीत साधारण वीस अंश. मग म्हणाले, "उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी मोजा." मोजल्या, ध्रुव तिथेच होता. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव साडेअठरा अंशांवर. जिथे उभे आहात तिथला अक्षांश ध्रुव सांगतो. "आता वळा आणि थोड्या वेळाने दक्षिणेला दोन मुठी मोजा." पावणेअकराच्या सुमाराला तिथे अगस्ती होता, व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेला ऋषी. दिल्लीतून तो क्षितिजाला जेमतेम एक मूठ सोडून दिसतो. आमच्याकडे ध्रुव आणि अगस्ती दोघेही दोन-दोन मुठींवर. तोरण्याच्या पायथ्याशी मी दोन्ही हात पसरून उभी राहिले, एका बाजूला ध्रुव, दुसऱ्या बाजूला अगस्ती. आपण पृथ्वीच्या गोळ्यावर नेमक्या कुठे उभ्या आहोत हे शरीराला कळलं, नकाशाने कधी कळलं नव्हतं.

तिकांड्याच्या खालचा तेजोमेघ तिथे नुसत्या डोळ्याला धूसर दिसला. काकांनी तिरकी नजर शिकवली: जे अंधूक आहे त्याच्याकडे थेट बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. नजरेच्या मध्यापेक्षा कडेची जागा मंद उजेड जास्त टिपते. तसं केलं आणि तो धूर पसरत गेला. सुमारे तेराशे प्रकाशवर्षं दूरचा ढग, त्यात तारे जन्माला येत आहेत.

मी मात्र ईशान्येकडे बघत होते. दहा वाजून गेल्यावर वसिष्ठ उगवणार होता. डोंगराच्या आडून बाहेर यायला त्याला साडेबारा झाले. एकच्या सुमाराला तो अडीच मुठी वर आला. मी वर बघितलं आणि तिरकी नजर, द्विनेत्री, काहीच लागलं नाही. वसिष्ठाच्या शेजारी, जरा खालच्या अंगाला, बारीक, स्वच्छ, एक ठिपका. अरुंधती.

मी नवऱ्याला हलवून उठवलं, तो सतरंजीवर पेंगत होता. "वसिष्ठ बघ. त्याच्या शेजारी कोण आहे?" तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आहे की." लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

त्यानंतरचे महिने भराभर गेले. फेब्रुवारीत झेडटीएफ नावाचा हिरवट धूमकेतू आला होता. ११ तारखेच्या शनिवारी तो माझ्या त्या मंगळापासून जेमतेम करंगळीभर अंतरावर होता, म्हणून मला सापडला. द्विनेत्रीतून कापसाच्या बोळ्याएवढा पुसट डाग. १ मार्चच्या संध्याकाळी शुक्र आणि गुरू पश्चिमेला एकमेकांना टेकल्यासारखे आले, तेव्हा सोसायटीतली वीस-बावीस माणसं गच्चीवर होती आणि द्विनेत्री हातोहात फिरत होती. मेच्या मध्याला रात्री साडेनऊला दक्षिणेला मूठभर उंचीवर त्रिशंकू हा तारकासमूह पाहिला. मग जून आला आणि चार महिने आकाश मिटलं. महाराष्ट्रात या छंदाला पावसाळ्याची सक्तीची सुट्टी असते. नव्याने सुरू करणाऱ्याने दसरा-दिवाळीचा मुहूर्त धरावा, म्हणजे मेपर्यंत सलग सात महिने मिळतात.

त्या सुट्टीत एक कोडं सुटलं. "मृग निघाला" की पेरणी, हे घरात कायम ऐकलेलं. मग मृग तर थंडीत दिसतो, जूनमध्ये नाही, हे कसं? आण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "मृगात मृग कसा दिसंल? सूर्य त्याच्या घरात असतोय." बरोबर. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात येतो, म्हणजे ते नक्षत्र दिवसा आकाशात असतं, उजेडात बुडालेलं. उलट मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला चंद्र मृगाजवळ असतो, म्हणून तो महिना मार्गशीर्ष. कार्तिकात चंद्र कृत्तिकांपाशी, चैत्रात चित्रेपाशी पूर्ण होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या महिन्यांची नावं म्हणजे आकाशातले पत्ते आहेत. दर पौर्णिमेला एक तपासा. मी सगळे तपासले, ढगांनी झाकलेले सोडून.

२८ ऑक्टोबर २०२३ला कोजागरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. मसाला दूध कधी प्यायचं यावर सोसायटीत मोठी चर्चा झाली. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राच्या खालच्या कडेला सावलीचा चावा दिसू लागला. सावलीची ती कड वक्र असते, कारण ती गोल पृथ्वीची आहे. मुलांना मी तेवढंच दाखवलं.

दिवाळीत मी दुसरी दुर्बीण घेतली. यावेळी वर्षभर आकाश शिकून, गटातल्या लोकांच्या चार दुर्बिणींतून बघून मगच. सहा इंची आरशाची डॉब्सोनियन: १२०० मिमी नाभीय अंतर, खाली लाकडी फिरती बैठक, ना तिपाई ना मोटर. २५ मिमीची नेत्रिका लावली की ४८ पट, १० मिमीची लावली की १२० पट. जॉन डॉब्सन या अमेरिकेतल्या माणसाने ही साधी बैठक लोकप्रिय केली, रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवता यावं म्हणून. आरसे जुळवायला, ज्याला कॉलिमेशन म्हणतात, मला तीन रविवार लागले. नळी बाहेर नेल्यावर आरसा हवेइतका थंड होईपर्यंत अर्धा तास थांबावं लागतं, नाहीतर चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. थंडीत पहाटे नेत्रिकेवर दहिवर साचतं. दोन नेत्रिका असतील तर एक खिशात गरम ठेवावी.

पहिला शनी. कडी त्या वर्षी बरीच मिटत आलेली होती, २०२५च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी कडेवरून दिसणार होती, त्यामुळे ती बारीक टाचणीसारखी दिसली. तरी शेजारच्या आजी नेत्रिकेला डोळा लावून इतका वेळ थांबल्या, की मागे रांग लागली. गुरूचे चार चंद्र संध्याकाळी एका जागी आणि जेवून येईपर्यंत दुसऱ्या जागी. हे वर्णन करून सांगण्यासारखं नाही, बघण्यासारखं आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण अंधार बघायला अभयारण्य लागावं, हे काही बरोबर नाही. दिव्याला वरून झाकण घातलं, उजेड जमिनीवर पाडला, गरज नसताना बंद केला, तर वीजही वाचते आणि अरुंधतीही राहते. आमच्या उत्तरेच्या त्या इमारतीच्या लोकांना मी दुर्बीण घेऊन भेटायला गेले, त्यांना शनी दाखवला आणि मग फ्लडलाइटबद्दल बोलले. चारपैकी दोन दिवे आता अकरा वाजता बंद होतात.

२०२४चा गुढीपाडवा गावी केला. ९ एप्रिल, चंद्र कोरही नाही म्हणावा इतका बारीक आणि दिवेलागणीनंतर लगेच मावळणारा. भाची आणि तिचा नवराही आले होते. दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून नेली होती, ती विहिरीजवळच्या खळ्यात मांडली. साडेनऊला बाजलं ईशान्येला चार मुठी वर होतं. आधी भाचीला आणि जावयांना नुसत्या डोळ्यांनी अरुंधती दाखवली. जावयांना लगेच दिसली. भाचीला चष्मा नीट लावल्यावर दिसली. "आत्या, ही एवढी स्पष्ट असते?" ती म्हणाली.

मग दुर्बीण वसिष्ठावर लावली. ४८ पटीला अरुंधती खिडकीच्या एका अंगाला जाते आणि मध्ये वसिष्ठ असतो, पण तो एक नसतो. दोन तारे, एक अधिक तेजस्वी, एक जरा मंद, अगदी जवळजवळ. वर्णपटावरून पुढे कळलं, की ते दोघेही पुन्हा जोडच आहेत. एवढं बारीक कुठल्याच नेत्रिकेतून दिसत नाही. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना खाली वाकता येईना म्हणून आम्ही दुर्बीण बाजेवर चढवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मधला चोर दोन हायेत," शेवटी म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, की हा उजेड तिथून निघायला ऐंशी वर्षांहून थोडं अधिक झालं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हंजे आईच्या लग्नाच्या वक्ताचा." माझ्या आजीचं लग्न पत्री सरकारच्या दिवसांत झालं होतं, गांधी लग्न. हार घातले, भाषण झालं, संपलं. "त्यात भटजीच नव्हता," आण्णा म्हणाले. "तिला कुणी दाखवलीच नसंल ही." आणि पुन्हा नेत्रिकेला डोळा लावला. तोवर वसिष्ठ खिडकीतून सरकून गेला होता. नळी कशी ढकलायची ते मी त्यांचा हात धरून दाखवलं, आणि पुढचा तासभर दुर्बीण त्यांच्याकडेच राहिली.

वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: '९/४/२४, गाव, रात्री ९.३५ ते ११.१०. आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा. वसिष्ठ, ४८ पट: दोन. अरुंधती: सगळ्यांना दिसली. आण्णांनी स्वतः शोधलेलं: ध्रुव, स्वाती, चित्रा.'